खांदशेकणीच्या आधी

दारव्ह्याकडच्या एका गावातून पत्र आलं आहे. लांब आहे, म्हणून थोडक्यात देते.

‘प्रिय काकू, आमचं घर आजेसासऱ्यांपासून ख्रिस्ती. पाच एकर कोरडवाहू, कापूस नि तूर. सासरे होते तोवर आमची जोडी दरसाल पोळ्यात जायची, कुणाला काही वाटायचं नाही. दोन वर्षांपासून मी शुक्रवारच्या प्रार्थनासभेला जाते. तिथले भाऊ सांगतात, पोळा ही मूर्तिपूजा आहे, तोरणाखाली बैल नेणं म्हणजे दोन धन्यांची चाकरी. गेल्या साली पोळा झाला आणि महिनाभरात आमचा एक बैल लम्पीनं गेला. भाऊ म्हणाले, ही प्रभूची शिक्षा. मीही भांडणात ह्यांना तेच बोलले. आता नवा गोऱ्हा घेतलाय. हे म्हणतात, “बैलाले काय मालूम कोनाचा देव कोनता? मी तं नेनार.” बोलणं बंद आहे. नऊ वर्षांचा पोरगा तान्ह्या पोळ्यासाठी लाकडाचा बैल मागतो. मी प्रार्थनेला बसते तर शब्द फुटत नाही. येशूला काय आवडेल ते सांगा.’

पोरी, येशूला काय आवडेल हे विचारायला तुला मीच सापडले! मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाढे घेऊन रिटायर झालेली बाई. पण अचलपूरकडच्या ख्रिस्ती शेतकऱ्याची लेक आहे, दावणीपाशी खेळून मोठी झाले. तेवढ्या जोरावर बोलते.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पोळा, तोरण आणि त्या भाऊंचा उपदेश यांवर तू दोन पानं भरलीस. आणि ‘मीही भांडणात ह्यांना तेच बोलले’ हे मात्र एका ओळीत उरकलंस. मी तिथंच अडकले.

लम्पीचा बैल मी माझ्या भावाच्या गोठ्यात पाहिला आहे. अंगभर सुपारीएवढ्या गाठी, पुढचे पाय सुजलेले, तोंडातून लाळ, समोर हिरवा चारा पडलेला आणि त्याला तोंड लावत नाही. भाऊ कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं फुटलेल्या गाठी धुवायचा. रात्री कंदील घेऊन जायचा, माशा हाकलत बसायचा. बैल गेला तेव्हा जेसीबीनं खड्डा खणला. भाऊ घरी आला, हातपाय धुतले आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. दोन दिवस कुणाशी बोलला नाही. तुझा नवराही यातलं बरंच काही करून बसला असेल. आणि त्याला घरातल्याच माणसानं सांगितलं की हे तुझ्यामुळे झालं.

बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय उघड. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली होती. येशू विचारतो, ती माणसं यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती असं वाटतं का तुम्हांला? आणि स्वतःच उत्तर देतो, ‘नाही.’ मग बोट मेलेल्यांवरून काढून ऐकणाऱ्यांकडे वळवतो : तुम्ही पश्चात्ताप करा. माणसं मेली त्याचा हिशोब लावायला त्यानं नकार दिला. तो नाकारलेला हिशोब तुमच्या शुक्रवारच्या सभेत कुणीतरी बैलावर लावून मोकळं झालं. या गोष्टीचा मला राग आला आहे, आणि तो मी लपवत नाही.

लम्पी विषाणूनं होते. चावणाऱ्या माशा, डास, गोचीड तो एका जनावरातून दुसऱ्यात नेतात. गर्दीत तो पसरू शकतो, हेही खरं. २०२३ साली काही जिल्ह्यांत पोळ्याला बैल एकत्र आणायलाच मनाई होती. पण माशी ख्रिस्त्याचा बैल आणि पाटलाचा बैल असा भेद करत नाही. नव्या गोऱ्ह्याला लस टोचली आहे का, हे तू लिहिलं नाहीस. टोचली नसेल तर उद्याच जनावरांच्या दवाखान्यात विचार. त्यांनी या वर्षी बैल एकत्र आणू नका म्हटलं, तर तुमचं भांडण यंदापुरतं तरी आपोआप मिटेल!

आता त्याच अध्यायात थोडं खाली ये. अठरा वर्षं कंबरेतून वाकलेल्या बाईला येशू शब्बाथाच्या, म्हणजे काही काम करायचं नाही अशा विसाव्याच्या दिवशी सरळ करतो. सभास्थानाचा अधिकारी चिडतो. येशू त्याला म्हणतो, तुमच्यातला प्रत्येक जण शब्बाथाला आपला बैल किंवा गाढव सोडून पाण्यावर नेतोच ना? बघ, त्याच्या तोंडी बैल किती सहज येतो. बैल तहानलेला आहे, मग नियम थांबू दे, हे ऐकणाऱ्यांना पटवून द्यावंच लागलं नाही. मळणीच्या बैलाला मुसकं बांधू नको, असं बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात लिहिलं आहे. आणि योनाच्या पुस्तकाचं शेवटचं वाक्य तर मला फारच आवडतं. निनवेत एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आहेत आणि पुष्कळ गुरंढोरंही आहेत, मग मी त्या शहराची कीव करू नये का, असं देव म्हणतो. शहर वाचवताना देवानं गुरं धरली हिशोबात.

म्हणून बैलाची पूजा करावी, असं मी म्हणत नाही. माझे बाबा करायचे नाहीत. ते काय करायचे ते सांगते. पोळ्याच्या सकाळी नदीवर जोडी धुवायची, शिंगं रंगवायची, बेगड, झूल, घुंगरमाळ, नवी वेसण, नवा कासरा. सगळं झालं की अंगणात आम्हां भावंडांना उभं करून बाबा टोपी काढायचे आणि चार ओळींची प्रार्थना करायचे. पाऊस दिलास, जोडी राखलीस, यांच्या कष्टाचं आम्ही खातो, आमेन. मग जोडी घेऊन तोरणाकडे. तिथं झडत्या सुरू व्हायच्या, ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!’ सगळं गाव ओरडायचं. बाबा कासरा धरून गप्प उभे राहायचे. कुणी त्यांना ओरडायला लावलं नाही, त्यांनी कुणाला ओरडू नका म्हटलं नाही. मानाची जोडी तोरणाखालून गेली, पोळा फुटला, की आमचीही जोडी धावायची. परत आल्यावर आईची पुरणपोळी आधी बैलांना, मग आम्हांला.

हे बरोबर की चूक? प्रेषित पौलानं अशाच प्रश्नावर करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात लिहिलंय. कुणी जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते न विचारता खा. पुढच्याच ओळीत दुसरी बाजू : हे देवाला वाहिलेलं आहे असं कुणी मुद्दाम सांगितलं, तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. आणि रोममधल्या ख्रिस्ती लोकांना लिहिताना म्हणतो, खाणाऱ्यानं न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्यानं खाणाऱ्याचा न्याय करू नये. म्हणजे तुझं मन तोरणाकडे जायला कचरत असेल, तर तू जाऊ नकोस. मनाविरुद्ध जाशील तर तेही खरं नाही. पण नवऱ्याचा न्याय करायला तुला कुणी नेमलेलं नाही. (आणि नाताळचं झाड बायबलात कुठं आहे ते त्या भाऊंना एकदा प्रेमानं विचार. मी आमच्या पाळकांना विचारलं होतं. ते हसले.)

मीही एकदा अशीच कडक झाले होते. नवी नोकरी, नवं गाव, अंगात नवा उत्साह. शेजारणीनं पोळ्याची पुरणपोळी आणून दिली, मी दारातूनच ‘आमच्यात चालत नाही’ म्हणून परत केली. आईच्या हातची पुरणपोळी खाऊन वाढलेली मी! ती बाई नंतर वर्षभर माझ्या दारात आली नाही. ताट परत घेताना तिनं पदरानं ते झाकलं होतं, ते अजून डोळ्यांपुढं आहे.

नवरा-बायकोचा विश्वास एकाच दिवशी एकाच पायरीवर येत नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली पाच वर्षं त्या घरानं काय सोसलं असेल! तुमचा तर देवही एकच आहे. भांडण कासऱ्यावरून आहे.

प्रार्थनेला शब्द फुटत नाही म्हणतेस. विश्वास आटला असं समजून घाबरू नकोस. डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतो, वेदीपाशी दान घेऊन गेलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. तू दान घेऊन रोज वेदीपाशी बसते आहेस, आणि ज्याच्याकडे जायचं तो गोठ्यात आहे.

त्याच्यापाशी जाऊन काय बोलायचं? मोठं काही नको. ‘बैल तुमच्यामुळे गेला असं मी बोलले, ते खोटं होतं.’ एवढंच. ‘पण’ लावू नकोस पुढे. ‘पण पोळ्याचं मात्र’ वगैरे तर नकोच.

त्यासाठी पोळ्याचा आदला दिवस बरा, खांदशेकणीचा. वर्षभर जू जिथं घासतं, तिथं बैलाच्या खांद्याला घट्टा पडलेला असतो, कधी चिरलेला असतो. हळद-तुपानं तो शेकायचा नि म्हणायचं, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ येशू सुतार होता. दुसऱ्या शतकातला, त्याच मुलखातला जस्टिन नावाचा ख्रिस्ती लेखक लिहून गेलाय की तो नांगर आणि जू बनवायचा. तेव्हा ‘माझे जू सोयीचे व माझे ओझे हलके आहे’ असं तो म्हणतो, ते खांदा पाहिलेल्या माणसाचं बोलणं आहे. वाईट तासलेलं जू बैलाच्या मानेला काय करतं हे त्याला ठाऊक असणार. म्हणून मला वाटतं, खांदशेकणीला हात लावायला तुला कसलीच अडचण नाही. तो एका बाजूला, तू एका बाजूला.

पोराला लाकडाचा बैल घेऊन दे. बोजारा म्हणून मिळतील ते दहा-वीस रुपये त्याचे त्याला ठेवू दे, लगेच संडे स्कूलच्या पेटीत टाकायला लावू नकोस.

शुक्रवारची सभा सोड असं मी म्हणणार नाही. गाणी आणि सोबत तुला तिथं मिळत असेल. पण पुन्हा कुणी बैलाचा विषय काढला, तर लूक तेरा वाचायला सांग, मोठ्यानं.

आणि तूप महाग पडत असेल तर गोडेतेल चालतं, आमच्याकडेही तेच असायचं. कोमट कर, फार तापवू नकोस. आधी आपल्या मनगटावर थेंब टाकून बघ. नवा गोऱ्हा अजून तुझ्या हाताला ओळखत नसेल, तर आधी जुन्याच्या खांद्याला लाव, त्याला बाजूला उभा राहून बघू दे.

तुझी काकू