एमबीबीएसला असतानाच क्लिनिकल रिसर्चची सुरुवात कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहात, रिसर्चची आवड आहे, आणि एक संस्था ऐंशी हजारांचा ऑनलाइन डिप्लोमा गळ्यात मारू पाहतेय. घ्यावा का?

सध्या तरी नको. एमबीबीएसनंतर दोन वर्षं मी एका ट्रायलवर, म्हणजे रुग्णांवर उपचार तपासून पाहणाऱ्या अभ्यासात, सब-इन्व्हेस्टिगेटर (मुख्य संशोधकाच्या हाताखालची डॉक्टर) होते, मग फार्माकॉलॉजीत (औषधशास्त्रात) एमडी केलं. मुलाखतीत मला डिप्लोमा कुणी विचारला नाही. ‘कन्सेंट किती घेतलेत?’ हे मात्र विचारलं. कन्सेंट म्हणजे अभ्यासात भाग घ्यायला रुग्णाने समजून दिलेली संमती.

कारण सगळी गंमत, आणि सगळी अडचणही, तिथेच आहे. रुग्णांना द्यायच्या आमच्या माहितीपत्रकात ‘यादृच्छिकीकरण’ असा शब्द होता. कागदावर बिनचूक, ओपीडीत निरुपयोगी. एका आजोबांना मी तो दोनदा वाचून दाखवला. ते म्हणाले, “बाई, तुम्ही सांगाल तिथं अंगठा देतो.” कामाचं खरं कसब इथे लागतं. अंगठा घ्यायला दहा सेकंद पुरतात, पण तो घेण्याआधी त्यांना कळायला हवं की कुठलं औषध मिळणार हे डॉक्टर ठरवणार नाहीत, चिठ्ठी टाकल्यासारखं ते ठरेल. आणि ‘नाही’ म्हटलं तरी इथले उपचार बंद होणार नाहीत. मी चिठ्ठीचं उदाहरण दिलं तेव्हा आजोबांनी पहिला खरा प्रश्न विचारला: “मग माझ्या चिठ्ठीत काय निघालं ते मला सांगणार का?” (नव्हतो सांगणार. तेही समजावून सांगावं लागलं.) वाचता न येणाऱ्या माणसाची संमती घेताना ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार पूर्ण वेळ हजर लागतो. तो शोधताना वॉर्डात होणारी धावपळ कुठल्याही व्हिडिओ लेक्चरमध्ये दिसत नाही.

दुसरं कसब म्हणजे लिहून ठेवणं. ही माझी स्वतःची चूक. विद्यार्थी असताना केलेल्या पहिल्या छोट्या अभ्यासात मी ९० जणांचे फॉर्म भरून ऐटीत गाइड मॅडमकडे गेले. त्यांनी एकच विचारलं, “नाही म्हणणारे किती?” मी मोजलेच नव्हते. म्हणजे माझे ९० जण नेमक्या कुठल्या गर्दीतून आले हेच मला सांगता येईना. तो अभ्यास तिथेच बसला.

आता करिअरचं. ‘रिसर्च म्हणजे औषध कंपनी’ हे डोक्यातून काढून टाका. परळच्या टाटा मेमोरियलमधली तोंडाच्या कॅन्सरची ट्रायल बघा. सुरुवातीच्या टप्प्यातला रुग्ण, मानेत गाठ लागत नाही. तरी पहिल्या ऑपरेशनलाच मानेतल्या लसीका ग्रंथी काढाव्यात, की गाठ दिसेपर्यंत थांबावं? सर्जन यावर कित्येक वर्षं वाद घालत होते. यात नवं औषध नाही की महागडं यंत्र नाही. २००४ पासून रुग्ण घ्यायला सुरुवात झाली आणि निकाल २०१५ मध्ये छापून आला: आधीच ग्रंथी काढलेल्यांपैकी ३ वर्षांनी ८० टक्के हयात होते, थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. ज्या आजाराचे रुग्ण आपल्या वॉर्डात खच्चून भरलेले असतात, त्याचा प्रश्न आपणच विचारला आणि उत्तर जगभर वापरात आलं. मला विचाराल तर हे काम कुठल्याही पॅकेजपेक्षा मोठं आहे.

अर्थात पोटही भरावं लागतं. एमबीबीएसवाल्याला फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणं), मेडिकल रायटिंग, मेडिकल मॉनिटर (ट्रायलमधल्या रुग्णांच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवणारा डॉक्टर) अशी दारं उघडी असतात. पुढे फार्माकॉलॉजी किंवा कम्युनिटी मेडिसिनमध्ये एमडी, आणि फार्माकॉलॉजी घेतली तर मग क्लिनिकल फार्माकॉलॉजीत डीएम (एमडीनंतरची पदवी) हाही रस्ता आहे. संख्याशास्त्र बऱ्यापैकी येणारा डॉक्टर मात्र दुर्मीळ, त्यामुळे त्याला सगळे धरून ठेवतात.

तुमच्यासाठी सर्वांत सोयीची वाट म्हणजे आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची) शॉर्ट टर्म स्टुडंटशिप, म्हणजे विद्यार्थ्यांसाठीची छोटी संशोधन योजना. १९७९ पासून चालू आहे, काम दोन महिन्यांचं, पैसेही मिळतात. मात्र आधी गाइड मिळवावा लागतो आणि अभ्यास रुग्णांच्या दृष्टीने योग्य आहे का हे बघणाऱ्या कॉलेजच्या एथिक्स कमिटीची मंजुरी घ्यावी लागते. या कमिटीला हलकं समजू नका. तिचे अध्यक्ष संस्थेबाहेरचे असतात, शिवाय एक कायदेतज्ज्ञ आणि एक सामान्य नागरिकही असतो. माझ्या प्रस्तावाला सर्वांत अवघड प्रश्न त्या सामान्य नागरिकानेच विचारला होता. अभ्यास ट्रायल असेल तर सीटीआरआयवर (देशातल्या ट्रायल्सच्या ऑनलाइन नोंदवहीत) नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी हवी; १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी होत नाही. नोंदणीला पैसे लागत नाहीत. जीसीपीचं (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस, म्हणजे ट्रायल नीट चालवण्याचे नियम) प्राथमिक प्रशिक्षणही ऑनलाइन फुकट मिळतं, काही तासांत होतं.

या आठवड्यात एवढंच करा: तुमच्या कॉलेजात सध्या कुठली ट्रायल चालू आहे ते फार्माकॉलॉजी विभागात विचारा आणि एक कन्सेंट मागे उभं राहून ऐकायची परवानगी मागा. रुग्णाची हरकत नसेल तरच, अर्थात. ऐंशी हजारांचं त्यानंतर ठरवा.