पहिला टॅरो डेक कोणता घेऊ?

प्रश्न: ताई, मी सांगलीची, बँकेत नोकरी करते. टॅरोचे पत्ते वाचायला शिकायचंय पण ऑनलाइन इतके डेक, म्हणजे पत्त्यांचे संच, दिसतात की काही सुचेना. एक एंजल्सचा सोनेरी काठाचा फार आवडलाय. मैत्रीण म्हणते पहिला डेक स्वतः घ्यायचा नसतो, कुणीतरी गिफ्ट द्यावा लागतो. पुस्तक घेऊ की कोर्स लावू?

उत्तर: अगं, गिफ्टची वाट बघू नकोस, तसा काही नियम नाही, स्वतःच्या पैशाने खुशाल घे. पण सोनेरी काठाचा आत्ता नको. एंजल्सचे बरेचसे डेक ऑरॅकल असतात, त्यात पत्ते किती आणि कोणते हे बनवणारा ठरवतो, मग एक शिकलीस तरी दुसरा वाचता येत नाही. टॅरोत 78 पत्ते ठरलेले, 22 मेजर म्हणजे मुख्य पत्ते आणि 56 मायनर म्हणजे आपल्या खेळायच्या पत्त्यांसारखे चार रंगांचे.

तू रायडर-वेट-स्मिथ हाच डेक घे. 1909 साली लंडनला निघाला, चित्रं पामेला कोलमन स्मिथने काढली, आणि नाव मात्र कितीतरी वर्षं फक्त प्रकाशक रायडर आणि डेक आखणाऱ्या वेटचं लागत होतं, म्हणून मी स्मिथ मुद्दाम म्हणते. तिने मायनरमधल्या आकड्यांच्या पत्त्यांनाही प्रसंग दिलाय. फाइव्ह ऑफ कप्स म्हणजे कपची पंजी बघ, काळा झगा घातलेला माणूस मान खाली घालून उभा, पुढे तीन कप सांडलेत, पाठीमागे दोन शाबूत आहेत आणि त्याचं लक्षच नाही, लांब नदीवर पूल पण आहे. अर्थ पाठ करावाच लागत नाही, दिसतो. हाच पत्ता मार्से नावाच्या जुन्या फ्रेंच पद्धतीच्या डेकमध्ये बघशील तर नुसते पाच कप आणि वेलबुट्टी, नवशिक्याने त्यातून काय वाचायचं!

पुस्तक एकच घे, पण याच डेकवरचं. कारण मेजरमधले स्ट्रेंथ आणि जस्टिस हे दोन पत्ते, वेटने स्ट्रेंथ 8 नंबरवर आणि जस्टिस 11 वर नेलं, मार्सेत बरोब्बर उलटं असतं, पुस्तक एकीकडचं आणि डेक दुसरीकडचा झाला की गोंधळ होतो.

फार स्वस्त कॉपी टाळ. मी सुरुवातीला घेतली होती, चित्रं इतकी काळपट की पंजीतले मागचे दोन कप दिसायचेच नाहीत, आणि तो पत्ता मी कित्येक महिने नुसता रडका समजत राहिले.

कोर्स तीन-चार महिने थांबव. रोज सकाळी एक पत्ता काढ, पुस्तक न उघडता काय दिसतं ते चार ओळी लिही, पुस्तक रात्री बघ. वही साधी दोनशे पानी चालेल.