ड्रॉवरचे कप्पे घरी करायचे तर ड्रॉवरला खिळे मारू नका

ताई, तुमच्या किचनचा ड्रॉवर आतून ४५० एमएम रुंद, ४०० खोल आणि १०० उंच आहे, चमचे-झारे-लाटणी सगळं एकात एक अडकतं, आणि सुतार म्हणतोय सागवानी पट्ट्या खिळे मारून फिक्स करून देतो. तुम्ही विचारलंय घरी जमेल का, लाकूड कोणतं घ्यावं आणि पावसाळ्यात फुगून ड्रॉवर जाम होईल का. जमेल. करवत, गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार), कटर, कानस, पॉलिश पेपर आणि फेविकॉल एवढ्यात होतं. फक्त त्या खिळ्यांना आधी नको म्हणा.

कारण किचनचा ड्रॉवर वर्षभर सारखा राहत नाही. उन्हाळ्यात बिबडे-कुरडया सुरू झाल्या की सोऱ्या आणि त्याच्या चकत्या वरच्या माळ्यावरून खाली येतात, त्या कुठेतरी ठेवायच्या असतात, मग जूनमध्ये परत वर जातात. लग्नकार्य निघालं की चमचे दुप्पट होतात. फिक्स कप्पे झाले की तुम्ही सामान कप्प्यांना बसवत बसता. आणि आपल्याकडे झुरळांचा त्रास आहेच, कप्पे उचलून कोपरे पुसता आले पाहिजेत. म्हणून माझं सरळ मत, ड्रॉवरला काहीही ठोकायचं नाही, चिकटवायचंही नाही. आत एक सुटी चौकट आणि चौकटीत सुट्या पट्ट्या.

लाकडाला हात लावण्याआधी पुठ्ठा घ्या, ऑनलाइनच्या पार्सलचे खोके पुष्कळ पडलेले असतात घरात. ड्रॉवर रिकामा करून सगळं सामान फरशीवर मांडा, रोज लागणारं एकीकडे, कधीतरी लागणारं दुसरीकडे (यातलं निम्मं ड्रॉवरमध्ये नसलं तरी चालतं हे तिथेच कळतं), आणि सगळ्यात लांब वस्तू कोणती ते बघा. बहुतेक घरात लाटणं किंवा झारा असतो. तिच्यासाठी एका कडेला पुढून मागे सरळ एक गल्ली सोडायची, बाकी जागेत चौकोन. पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून आठवडाभर वापरून बघा, घरातले बाकीचे लोक कुठे काय टाकतात ते त्यात दिसतं, आणि मग ती मापं प्लायवर उतरवा.

माप घेताना टेप आतल्या कोपऱ्यात वाकतो आणि एक-दोन एमएमचा घोळ होतो. त्यापेक्षा बीडिंगच्या (कडेला लावायच्या बारीक लाकडी गोटाच्या) दोन पट्ट्या एकमेकींवर धरा, दोन्ही टोकं दोन भिंतींना टेकेपर्यंत सरकवा, जिथे एकमेकींवर येतात तिथे पेन्सिलची रेघ मारा आणि बाहेर काढून मोजा. पुढे, मध्ये, मागे असं तीन ठिकाणी. ड्रॉवर क्वचितच काटकोनात असतो, त्यामुळे सगळ्यात कमी येईल ते माप धरायचं आणि त्यातून अर्धा सूत म्हणजे साधारण दीड एमएम सोडायचं.

आता तुमच्या मापाचा हिशोब, ६ एमएम प्लाय आणि ७० एमएम उंचीच्या पट्ट्या धरून. उंची ७० का, तर ड्रॉवर १०० चा आहे आणि झाऱ्याचा वाकडा भाग वर येतो, शिवाय बोटं आत जायला जागा लागते. उजवीकडे ११० ची गल्ली सोडली तर चौकट बाहेरून ३४० रुंद. दोन भिंती ६-६ च्या वजा केल्या की आतून ३२८, मध्ये एक उभी (पुढून मागे जाणारी) पट्टी आणखी ६, उरले ३२२, म्हणजे १६१ चे दोन भाग. ही पट्टीची जाडी वजा करायची राहून जाते आणि शेवटचा कप्पा बारीक निघतो, बऱ्याच जणांचं इथेच चुकतं. कप्पे सारखेच हवेत असं काही नाही, पुठ्ठ्यात जसं जमलं तसं करा.

चौकटीचे कोपरे जोडायला खिळे नकोत, ६ एमएम प्लायच्या कडेत खिळा मारला की थर फुटतात. आतल्या कोपऱ्यात चौकोनी बीडिंगचा ७० चा तुकडा फेविकॉल लावून बसवा, दोरीने गच्च आवळा, आवळल्यावर दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे आले की चौकट काटकोनात आहे, मग रात्रभर हलवू नका. चौकट डावीकडे टेकवून ठेवायची, आणि गल्लीच्या तळाशी उरलेल्या प्लायचे १०८ लांबीचे दोन तुकडे आडवे टाकायचे, एक पुढे एक मागे. एवढ्याने चौकट उजवीकडे सरकत नाही.

खरं काम आतल्या जाळीत आहे. एक उभी पट्टी, तिला दोन आडव्या पट्ट्या छेदतात, आणि जिथे छेदतात तिथे दोघींना निम्म्या उंचीपर्यंत खाच, म्हणजे ३५ एमएम, वर थोडी केसभर जास्त. उभ्या पट्टीच्या खाचा वरून, आडव्यांच्या खालून, मग आडव्या नुसत्या वर उचलल्या की निघतात. खाचेची रुंदी स्केलने मोजू नका. प्लायवर ६ लिहिलेलं असतं, पण मोजलं तर बऱ्याचदा थोडं कमी भरतं, म्हणून त्याच प्लायचा तुकडा उभा धरून दोन्ही बाजूंनी कटरने रेघ ओढा. कटरचीच, पेन्सिलची नको, पेन्सिलची रेघच अर्धा एमएम जाड असते आणि वर प्लायचा वरचा थर कटरने आधीच कापला गेला की करवतीने चिपा उडत नाहीत. दोन्ही आडव्या पट्ट्या एकत्र आवळून एकदाच कापा म्हणजे खाचा समोरासमोर येतात. करवत रेघेच्या आत चालवायची, रेघ शिल्लक राहिली पाहिजे. दोन बाजूंनी ३५ पर्यंत कापलं की मधला तुकडा पटाशीने (सुताराच्या छिन्नीने) तळाशी टोचून पाडायचा, पटाशी नसेल तर पकडीने वाकवला तरी तुटतो. मग चपट्या कानशीने दोन-दोन हात मारत तोच प्लायचा तुकडा घालून बघायचा. हाताने दाबून जातो आणि उलटं धरलं तर लगेच पडत नाही, एवढं झालं की थांबा. हातोडी लागत असेल तर खाच अजून बारीक आहे.

लाकडाचं म्हणाल तर या कामाला बीडब्ल्यूआर ग्रेडचा, म्हणजे पाण्याला टिकणारा, ६ एमएम प्लाय बरा. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) गुळगुळीत असतो पण ओला चमचा पडला की कड फुगते आणि परत बसत नाही. सागवान सुंदरच, पण बारीक पट्टीत खाच पाडली की तिच्या तळापासून रेषेत चिरायची भीती असते, प्लायमध्ये थर आडवे-उभे असल्यामुळे ती नाही. तरी सागच हवा असेल तर ८-९ एमएम जाडी ठेवा आणि पांढरट भाग घेऊ नका, तो बाहेरचा कच्चा भाग, त्याला भुंगा लागतो, नाव सागवानाचं असलं तरी. गावाकडे कुणाचं धाब्याचं (मातीच्या सपाट छताचं) घर उतरवत असतील तर तिथला जुना साग मिळाला तर सोनं आहे, फक्त सगळीकडून लोहचुंबक फिरवून आतले खिळे शोधा, नाहीतर करवतीचे दात जातील. एमआयडीसीतल्या भंगारात परदेशी मशीनच्या खोक्यांची पाइनची फळी स्वस्तात मिळते, तीही चालते, पण तिच्यावरचा शिक्का बघून घ्या. एचटी म्हणजे नुसती तापवून कीडमुक्त केलेली, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेली. एमबीवाली किचनमध्ये नको.

फुगण्याबद्दल. लाकूड रेषांच्या दिशेने म्हणजे लांबीत जवळपास वाढतच नाही, वाढतं ते रुंदीत आणि जाडीत. त्यामुळे सागाची पट्टी पावसाळ्यात लांब होऊन ड्रॉवर फाडेल ही भीती सोडा. वाढेल ती उंची, आणि ती तुमच्याकडे ३० एमएम मोकळी आहे. जाडी वाढली की खाचा घट्ट होतात एवढंच, म्हणून जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना, लाकूड पापडासारखं कोरडं पडलेलं असताना काम करणार असाल तर खाच जरा सैल ठेवा. प्लायला तर हा त्रास फारच कमी.

फिनिशला वॉर्निश नको, बंद ड्रॉवरमध्ये वास महिनोन्महिने राहतो. १२० मग २२० नंबरचा पॉलिश पेपर, वरच्या कडा बोटाला लागणार नाहीत एवढ्या गोल, आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याच्या लाखेचे दोन पातळ हात. काहीच नाही लावलं तरी चालेल. घरातलं गोडेतेल मात्र लावू नका, खवट होतं. कुणी अळशीचं तेल सांगितलं आणि तुम्ही वापरलंच, तर त्याच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या स्वतःहून तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा आणि मग फेका. तळाला रबर मॅट विकत घ्यायची गरज नाही, जळगावच्या प्लॅस्टिक चटईचा जुना तुकडा कापून टाका, धुताही येतो.

सगळ्याला मिळून प्लायचा २ बाय २ फुटाचा तुकडा पुरतो. ७० च्या आठ पट्ट्या निघतात, लागतात सात, एक जास्तीची ठेवा. लांब सरळ काप हाताने नीट येत नाही, तेवढा फर्निचरवाल्याच्या मशीनवर मारून आणा, पाच मिनिटांचं काम आहे, आणि तुमच्याच सुताराला सांगितलं तरी तो करून देईल. खाचा तुम्ही घरी पाडा.