वाचकांचे प्रश्न : ऑरेटोरिओ चर्चचे की नाट्यगृहाचे?

प्रश्न : अठराव्या शतकातील संगीतकार हँडेल याच्या ‘मसाया’ या ऑरेटोरिओचे, म्हणजे गायक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या दीर्घ गायनरचनेचे, शब्द बायबलमधून घेतलेले असूनही त्याचे पहिले प्रयोग चर्चमध्ये न होता सभागृहात आणि नाट्यगृहात का झाले? ऑरेटोरिओला धर्मसंगीत म्हणावे का? तसेच त्यातील ‘हालेलूया’ हे वृंदगान सुरू होताच श्रोत्यांनी उभे राहण्याची प्रथा इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज याच्यामुळे पडली, असे सांगतात, ते कितपत खरे आहे?
— एक वाचिका, सोलापूर

उत्तर : विषय बायबलमधला असला म्हणजे ते संगीत उपासनेचेच, असे अठराव्या शतकातील युरोपात समजले जात नसे. प्रत्यक्ष उपासनेसाठी रचलेल्या संगीताचे उत्तम उदाहरण म्हणजे जर्मनीतील लाइपझिग येथील संगीतकार बाखची पॅशन, म्हणजे ख्रिस्ताच्या यातना आणि मृत्यू यांची गायलेली कथा. गुड फ्रायडेच्या उपासनेत तिचा पहिला भाग झाला की प्रवचन होई आणि त्यानंतर दुसरा भाग गायला जाई. ऑरेटोरिओचा उगम याहून निराळा आहे. सोळाव्या शतकात रोममध्ये फिलिप्पो नेरी या धर्मगुरूने उपासनेच्या चौकटीबाहेर प्रार्थनासभा भरवायला सुरुवात केली. त्या सभांतील गायनातून पुढच्या शतकात हा प्रकार आकाराला आला. आपला कीर्तनकार वेषभूषा आणि पडदे यांच्यावाचून आख्यानातील पात्रे उभी करतो, साधारण तसेच हे होते. फरक इतकाच की येथे पात्रे निरनिराळ्या गायकांमध्ये वाटून दिलेली असत.

तरुण हँडेल रोममध्ये होता तेव्हा तेथे सार्वजनिक ऑपेरावर पोपची बंदी होती आणि धनिकांना नाट्यमय गायनाची हौस ऑरेटोरिओवर भागवावी लागे. 1708 च्या ईस्टरला रुस्पोली या सरदाराच्या प्रासादात हँडेलचे ‘ला रेसुर्रेत्सिओने’ हे ऑरेटोरिओ झाले. त्यात मरिया माग्दालेनाची भूमिका मार्गेरिता दुरास्तान्ती या गायिकेने गायिली म्हणून पोपने सरदाराची कानउघाडणी केली आणि दुसऱ्या दिवशी त्या जागी पुरुष गायक उभा करावा लागला. चर्च आणि रंगभूमी यांच्यातील ही ओढाताण हँडेलची पुढे लंडनमध्येही पाठ सोडणार नव्हती.

1732 मध्ये त्याने लंडनच्या नाट्यगृहात ‘एस्थर’ सादर केले. राजदरबारच्या चॅपलमधील मुलांनी रंगमंचावर अभिनय करू नये, अशी बिशप गिब्सन यांनी मनाई केल्याचे संगीताचा इतिहासकार चार्ल्स बर्नी याने लिहून ठेवले आहे. आणि प्रयोगाच्या जाहिरातीतही रंगमंचावर अभिनय होणार नाही, अशी टीप होती. अशा रीतीने एका मनाईतून इंग्लिश ऑरेटोरिओला त्याचे कायमचे रूप मिळाले. यामागे व्यवहारही होता, आणि तो लपवण्याचे कारण नाही. इटालियन ऑपेरा म्हणजे भरमसाट मानधन घेणारे परदेशी गायक, खर्चिक नेपथ्य आणि बहुसंख्य प्रेक्षकांना न कळणारी भाषा. ऑरेटोरिओ इंग्रजीत असे, नेपथ्याचा खर्च वाचे. शिवाय ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात बुधवारी आणि शुक्रवारी नाटकांना बंदी असल्याने रिकामे राहणारे नाट्यगृह त्याला मिळे. 1741 नंतर हँडेलने नवा ऑपेरा रंगमंचावर आणला नाही. अभिनय गेल्यामुळे जी जागा रिकामी झाली ती त्याने वृंदगानाने भरून काढली. 1739 चे ‘इस्रायल इन इजिप्त’ जवळजवळ सगळेच वृंदगानाचे आहे. तेव्हाच्या श्रोत्यांना ते रुचले नाही, पण माझ्या मते त्याचे खरे सामर्थ्य ‘मसाया’पेक्षाही तेथे अधिक दिसते.

‘मसाया’ची संहिता चार्ल्स जेनेन्सने बायबलमधील वचने निवडून सिद्ध केली आणि 1741 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हँडेलने अवघ्या 24 दिवसांत तिला संगीत दिले. पहिला प्रयोग 13 एप्रिल 1742 रोजी डब्लिनच्या फिशॅम्बल स्ट्रीटवरील सभागृहात झाला, तो कर्जापायी तुरुंगात पडलेले कैदी आणि दोन रुग्णालये यांच्या मदतीसाठी. अधिक माणसे मावावीत म्हणून स्त्रियांनी घेरदार झगे आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवून यावे, अशी विनंती करण्यात आली होती. डब्लिनने या कृतीचे मनापासून स्वागत केले. लंडनने मात्र नाक मुरडले. 1743 मध्ये कोव्हेंट गार्डन नाट्यगृहातील प्रयोगाच्या जाहिरातीत ‘मसाया’ हे नाव टाळून केवळ ‘नवे धार्मिक ऑरेटोरिओ’ असे म्हटले गेले. तरीही नाट्यगृह हे देवाच्या वचनाचे स्थान आहे काय, असा सवाल एका टोपणनावाच्या लेखकाने वृत्तपत्रातून केलाच. त्याला खटकत होती ती जागा आणि तेथील नट-नट्या. 1750 पासून लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटल या अनाथ बालकांच्या संस्थेच्या चॅपलमध्ये मदतीसाठी प्रयोग होऊ लागले, आणि ‘मसाया’विषयीची ही कुरबूर हळूहळू मावळली. चॅपलमध्ये शिरकाव झाला तो दानधर्माच्या दाराने; उपासनेचा भाग ते तेव्हाही नव्हतेच. म्हणून ऑरेटोरिओला धार्मिक विषयावरील संगीत अवश्य म्हणावे, पण उपासनासंगीताच्या पंक्तीत ते बसत नाही.

राहिली ‘हालेलूया’च्या वेळी राजा उभा राहिल्याची गोष्ट. ती जेम्स बीटी या स्कॉटिश लेखकाच्या 1780 मधील पत्रात, म्हणजे लंडनमधील पहिल्या प्रयोगानंतर 37 वर्षांनी आणि तीही ऐकीव माहिती म्हणून आढळते. राजा त्या प्रयोगाला हजर होता, असे सांगणारा त्या काळचा पुरावा मिळालेला नाही. त्यामुळे तिला आख्यायिकाच म्हणावे लागेल.