गंजलेल्या चासीला ठिगळ चालेल का?

प्रश्न : माझ्या जुन्या मोटारीच्या चासीवरचा (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावरचा) रंग शाबूत दिसतो, पण हातोडीने ठोकल्यास मधूनच बद्द आवाज येतो. वरून पत्र्याचे ठिगळ जोडले तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. पोकळ चासीत ओल साचून गंज आतून धरतो. त्यामुळे ठिगळाखाली तो वाढतच राहतो आणि वेल्डिंगलाही धड लोखंड मिळत नाही. कुजलेला भाग निरोगी, चकचकीत धातू लागेपर्यंत कापून तेवढ्याच जाडीचा पत्रा बसवावा. मात्र कापण्यापूर्वी चासीला भक्कम आधार देऊन दोन्ही कर्णांची (एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतची) मापे टिपून ठेवावीत, कारण ती बिघडली तर चाके सरळ धावत नाहीत आणि दारेही नीट लागत नाहीत. वेल्डिंग सलग न करता जागा बदलत थोडेथोडे करावे, अन्यथा उष्णतेने चासी पिळवटते. नंतर पोकळीत गंजरोधक मेण फवारावे. निचऱ्याची भोके (कारागीर ती हमखास बुजवतात!) मोकळीच ठेवावीत.