लिनॅकवर (कॅन्सरला रेडिएशन देणाऱ्या मशीनवर) नवीन आहेस ना, आधी एवढंच सांभाळ

घाबरू नकोस रे, प्लॅनिंगचं वगैरे नंतर येईलच, आधी पेशंटची ओळख आणि टेबलवरची पोझिशन पक्की कर.

नाव आपण घ्यायचं नाही, पेशंटला सांगायला लावायचं. माझ्याकडे एकदा एकाच नावाच्या दोन मावशी बाहेर बसलेल्या, हाक मारली तर दुसरीच "हो हो" करत टेबलवर येऊन झोपली, फाइलवरच्या फोटोमुळे कळलं. नाव, केस नंबर, फोटो, मग डावी-उजवी बाजू, रोज.

सकाळच्या तपासणीत आउटपुट, म्हणजे मशीन सोडतं ते रेडिएशन, ठरलेल्यापेक्षा ३ टक्क्यांहून जास्त वर किंवा खाली गेलं तर मशीन थांबव आणि फिजिसिस्टला (रेडिएशनचं मोजमाप तपासणाऱ्याला) बोलव.

चूक होता होता राहिली तरी रजिस्टरमध्ये लिही, नवीन मुलं हेच लपवतात. आणि कर्जतहून पहाटेची लोकल पकडून आलेल्याला ताटकळत ठेवायला जीवावर येतं, पण शंका असेल तर बीम ऑन करू नकोस.