वाचकांचे प्रश्न : बुद्ध्यांक चांगला, मग वही अपुरी का?

प्रश्न : माझा मुलगा ९ वर्षांचा आहे. तोंडी विचारलं तर सगळं येतं, पण वर्गात लिहून कधीच पुरं होत नाही. शाळेने एडीएचडीची (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा) शंका काढली. एमआरआय नॉर्मल आहे. बुद्ध्यांक ९९ आला. अहवालात भाषिक आकलन ११२ आणि प्रोसेसिंग स्पीड (साधी कामं उरकण्याचा वेग) ७६ लिहिलंय. सगळं ठीकच असेल तर आता न्यूरोसायकॉलॉजीच्या (लक्ष, स्मृती, वेग अशा मेंदूच्या क्षमता मोजणाऱ्या) आणखी चाचण्या कशाला?

उत्तर : एमआरआयमध्ये मेंदूची रचना दिसते : गाठ, रक्तस्राव, जुनी इजा. मुलाचं लक्ष किती वेळ टिकतं हे त्यात दिसत नाही, त्यामुळे एडीएचडीचं निदान एमआरआयवरून होतच नाही. ९९ या आकड्यावरही विसंबू नका. या चाचण्यांत सरासरी १०० धरलेली असते आणि दर तीन मुलांमागे साधारण दोन मुलं ८५ ते ११५ च्या दरम्यान येतात. त्या हिशेबाने ९९ अगदी मधला. पण ७६ म्हणजे त्याच वयाच्या १०० मुलांपैकी सुमारे ९५ जणांचा वेग त्याच्यापेक्षा जास्त. एका बाजूला ११२ आणि दुसऱ्या बाजूला ७६ असताना दोन्ही एकत्र करून काढलेला आकडा मुलाबद्दल फारसं काही सांगत नाही.

खरा प्रश्न ७६ का आला हा आहे. वेगाच्या एका चाचणीत वर अंकांची आणि खुणांची जोडी दिलेली असते. खाली प्रत्येक अंकासमोर त्याची खूण १२० सेकंदांत जमेल तितक्या वेळा काढायची. कमी गुण तीन-चार वेगवेगळ्या कारणांनी येऊ शकतात. पेन्सिल घट्ट आवळून धरणारा, प्रत्येक खूण कोरून काढणारा मुलगा मागे पडतो तो हातामुळे. पहिली ३० सेकंदं भराभर आणि मग घसरण, मध्येच घर सुटलेलं, असं असेल तर लक्ष टिकण्याची शंका घ्यायची. प्रत्येक वेळी मान वर करून जोडी तपासत असेल, तर जोड्या डोक्यात बसत नाहीत किंवा स्वतःवर भरवसा नाही. गुण तिघांचे सारखेच, उपाय मात्र निराळे. म्हणून अनुभवी तपासनीस दर ३० सेकंदांनी मूल कुठवर पोचलं त्याची खूण करून ठेवतो, आणि मग पेन्सिल न लागणारी, नुसती तोंडी वेगाची चाचणी देऊन पाहतो. तिथे वेग ठीक निघाला, तर अडचण हाताच्या बारीक हालचालींत शोधायची. मग फळ्यावरचं उतरवून घेणं कमी करणं, जादा वेळ देणं, तोंडी उत्तरं घेणं यांचा उपयोग होतो.

एडीएचडीबद्दल बोलायचं तर लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून, किमान ६ महिने आणि घर-शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत. ही माहिती पालकांच्या मुलाखतीतून आणि शिक्षकांनी स्वतंत्रपणे भरलेल्या प्रश्नावलीतून मिळते. संगणकावरच्या लक्षाच्या चाचणीत मूल उत्तम निघालं म्हणून एडीएचडी नाही असं ठरत नाही. शांत खोली, समोर एकच माणूस आणि नवीन खेळ असला की पुष्कळ मुलं छान लक्ष देतात. वर्गात तसं काहीच नसतं.

तपासणीआधी डोळे आणि कान तपासून घ्या. आदल्या रात्री झोप पुरी होऊ द्या, चष्मा बरोबर न्या. औषध चालू असेल तर त्या दिवशी द्यायचं की नाही हे डॉक्टरांना विचारा. तुमच्या मनाने बंद करू नका. चाचण्या कोणत्या भाषेत होणार हेही आधी विचारा. घरी एक भाषा आणि चाचणी दुसऱ्या भाषेत, यात आकलनाचे गुण हकनाक उतरतात.

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे आहेत. आई गेल्यापासून गप्प असतात आणि खूप विसरतात. हे नैराश्य की स्मृतिभ्रंश, हे चाचणीवरून कळतं का?

उत्तर : बऱ्याच अंशी कळतं, पण एका बैठकीत नेहमी नाही. १५ शब्दांची एक यादी पाच वेळा वाचून दाखवतात आणि दर वेळी आठवतील तितके शब्द म्हणायला सांगतात. मग मध्येच दुसरी यादी. त्यानंतर पहिली पुन्हा विचारतात आणि २०-३० मिनिटांनी आणखी एकदा. शेवटी बऱ्याच शब्दांतून यादीतले ओळखायला सांगतात. सगळी गंमत या शेवटच्या पायरीत आहे.

नैराश्यात माणूस मुळात कमी शब्द म्हणतो, ‘नाही आठवत’ म्हणून सोडून देतो. पण समोर शब्द ठेवले की बरेचसे ओळखतो. म्हणजे शब्द साठले होते, बाहेर काढणं जड जात होतं. अल्झायमरमध्ये, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या नेहमीच्या प्रकारात, अर्ध्या तासात यादी जवळजवळ पुसली जाते, यादीत नसलेले शब्द ‘होता, होता’ म्हणून सांगितले जातात आणि ओळखण्याच्या पायरीवरही फारसा फरक पडत नाही. हे चित्र दर वेळी इतकं स्वच्छ नसतं. मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आजारातही शब्द ओळखणं टिकून असू शकतं, आणि उतारवयातलं नैराश्य कधी कधी स्मृतिभ्रंशाची सुरुवातही असतं. म्हणून थायरॉइड आणि बी१२ ची तपासणी आधी, नैराश्यावर उपचार, आणि साधारण वर्षभराने पुन्हा त्याच क्षमतांची मोजणी. पहिल्या आणि दुसऱ्या वेळेतला फरक खूप काही सांगून जातो.

दवाखान्यातल्या दहा मिनिटांच्या ३० गुणांच्या चाचणीवर शिक्का मारून घेऊ नका. ती चाळणी आहे. कमी शिकलेल्या माणसाला तिथे विनाकारण कमी गुण पडतात, आणि भरपूर शिकलेला माणूस घसरण सुरू होऊनही पास होतो. वडिलांचं शिक्षण किती झालं, काम काय करत होते, हे न विचारता कोणी निष्कर्ष काढत असेल तर दुसरं मत घ्या.

प्रश्न : मुलीच्या अहवालात ‘१६ पर्सेंटाइल’ आहे. १०० पैकी १६ म्हणजे नापासच ना?

उत्तर : नाही. पर्सेंटाइल म्हणजे टक्के गुण नव्हेत. तिच्या वयाच्या १०० मुलांत सुमारे १६ जण तिच्या खाली आहेत, इतकंच. बुद्ध्यांकाच्या मोजपट्टीवर हेच ८५ होतात. काही उपचाचण्यांत सरासरी १० असते. तिथे ७ गुण म्हणजेही १६ वा पर्सेंटाइल. एकाच अहवालात तिन्ही मोजपट्ट्या असतात आणि पालक सर्वांत वाईट दिसणारा आकडा धरून बसतात.

७० च्या आसपासचा आकडा असेल तर आणखी दोन गोष्टी बघा. आकड्याशेजारी ६५ ते ७५ अशी कक्षा दिली आहे का? मोजमापात चूक गृहीत धरावीच लागते. आणि रोजच्या व्यवहाराची तपासणी झाली का : पैसे, वेळ, कपडे, लोकांशी वागणं? त्याशिवाय नुसत्या बुद्ध्यांकावर बौद्धिक अक्षमतेचं निदान करता येत नाही. स्वमग्न किंवा न बोलणाऱ्या मुलाला शब्दांवर आधारलेली चाचणी दिली असेल, तर तो आकडा बाजूला ठेवून शब्दांशिवायची चाचणी मागा.

प्रश्न : तपासणीआधी इंटरनेटवर सराव करून घ्यावा का?

उत्तर : मुळीच नको. कोडी आधी सोडवलेली असतील तर नवीन प्रश्नाला मूल कसं भिडतं हेच मोजता येत नाही, आणि फुगलेल्या गुणांमुळे हवी ती मदत नाकारली जाऊ शकते. तीच चाचणी वर्षाच्या आत दुसरीकडे झाली असेल तर आधी सांगा. तपासनीस त्याच क्षमतेची दुसरी चाचणी निवडेल. जाताना मागचे अहवाल, शाळेच्या दोन-तीन वह्या आणि ‘आम्हाला नेमकं काय जाणून घ्यायचं आहे’ हे एका ओळीत लिहिलेला कागद घेऊन जा.